संहितेचे दृश्यरूप-चिन्हांकन

संगणकावर साठविलेल्या संहितेत अक्षरांबरोबरच त्या अक्षरांचे मूळ लेखातील दिसणे, म्हणजे शाईचा रंग, ठशाची जाडी, अक्षरांचा आकार, पानावरील स्थान, खालीवर ओढलेल्या रेषा इ. गोष्टी ठराविक खुणांच्या साहाय्याने नोंदविण्याची पद्धती. हस्तलिखित पोथ्या, दप्तरांतील कागदपत्रे, कोरीव लेख, जुने कोश व चिकित्सक आवृत्त्या यांची संगणकीय संस्करणे तयार करताना या पद्धतीचा अवलंब करतात. एकदा मूळ पान जीर्ण झाले किंवा हरवले की, त्याच्या दृश्यरूपाविषयीचा पुरावा या नोंदीतच शिल्लक राहतो. त्यामुळे नोंदीसाठी वापरावयाच्या खुणांची आखणी हा केवळ तांत्रिक सोयीचा भाग नसून तो संपादनशास्त्राचा भाग मानला जातो.

चिन्हांकित संहितेत मजकुराच्या एखाद्या भागाच्या आरंभी व शेवटी टॅग नावाच्या खुणा घालतात. दोन टॅगांमधील भागास घटक म्हणतात. घटकाविषयीची अधिक माहिती आरंभीच्या टॅगमध्येच नाव व मूल्य अशा जोडीने लिहितात. अशा जोडीस संगणकीय परिभाषेत ॲट्रिब्यूट हा शब्द आहे. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘गुणविशेष’ ही संज्ञा वापरली आहे. उदा.,

<शीर्षक दृश्य="तांबडी-शाई">अध्याय पहिला</शीर्षक>

येथे ‘शीर्षक’ हा घटक, ‘दृश्य’ हा गुणविशेष आणि ‘तांबडी-शाई’ हे त्याचे मूल्य होय. हा भाग कोणते कार्य करतो, हे घटकाच्या नावावरून कळते. तो मूळ लेखात कसा दिसतो, हे गुणविशेषावरून कळते. ही विभागणी या विषयाचा पाया आहे.

आवश्यकता : लेखनातील दृश्यरूप पुष्कळदा अर्थवाही असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे याचे उत्तम उदाहरण होय. १९१९ मध्ये सुरू झालेले हे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. वि. सी. सुखटणकर यांनी १९२५ मध्ये त्याच्या प्रमुख संपादकपदाची सूत्रे स्वीकारली आणि त्यांनी संपादित केलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. या आवृत्तीत संपादकांना जो पाठ पुरेसा निश्चित वाटला नाही, त्याखाली नागमोडी रेषा छापलेली आहे. मूळ संहितेत न घेतलेले प्रक्षिप्त भाग तारकाचिन्हांकित क्रमांकांनी तळटीपांत दिलेले आहेत. आता एखाद्याने या आवृत्तीतील केवळ अक्षरे संगणकावर उतरवून घेतली, तर एकही शब्द न गाळता त्याने संपादकांचे एक महत्त्वाचे विधान गाळले असे होईल. नागमोडी रेषा गेली की, संशयित व निश्चित पाठ एकाच पातळीवर येतात आणि पुढचा अभ्यासक संशयित पाठावरही निःशंकपणे विसंबतो.

हस्तलिखितांत ही गोष्ट अधिकच ठळकपणे जाणवते. जुन्या पोथ्यांत अध्यायसमाप्तीची पुष्पिका, दंड, श्लोकांक किंवा ‘उवाच’ यांसारखी पदे पुष्कळदा हिंगुळाच्या तांबड्या शाईने लिहिलेली किंवा गेरूने रंगविलेली असतात. चुकलेल्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा मराठी वाक्प्रचार या लेखनव्यवहारातूनच आला आहे. राहून गेलेली अक्षरे समासात लिहून त्यांची जागा काकपदाने दाखवीत. त्रिपाठ पद्धतीच्या पोथीत मूळ ग्रंथ पानाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरांत आणि त्यावरील टीका वर व खाली बारीक अक्षरांत असते. तेथे मूळ व टीका यांतील भेद मुख्यतः आकार व स्थान यांवरूनच समजतो. अशा पोथीचा सलग मजकूर करताना दृश्यरूप नोंदविले नाही, तर टीकाकाराचे वाक्य मूळ ग्रंथकाराच्या तोंडी जाण्याचा धोका असतो.

पानाचे छायाचित्र जपले म्हणजे पुरे, असे कित्येकदा सुचविले जाते. छायाचित्र आवश्यक आहेच. परंतु त्यात शोध घेता येत नाही. एखाद्या ग्रंथसंग्रहातील हरताळाखालचे सर्व पाठ कोणते किंवा तांबड्या शाईतील नावे कोणत्या पानांवर येतात, हे प्रश्न चिन्हांकित संहितेलाच विचारता येतात. छायाचित्र व चिन्हांकित संहिता ही एकमेकांस पूरक साधने होत.

इतिहास : चिन्हांकनाचा उगम छापखान्यात आहे. हस्तलिखित जुळाऱ्याकडे जाण्यापूर्वी कोणता मजकूर कोणत्या ठशात, किती मोठ्या अक्षरांत व किती जागा सोडून जुळवावा याच्या सूचना संपादक कागदाच्या कडेला लिहीत असे. संगणकाच्या साहाय्याने छपाई होऊ लागली, तेव्हा याच सूचना यंत्राला समजतील अशा आज्ञांच्या रूपाने मजकुरात घातल्या जाऊ लागल्या. त्या विशिष्ट यंत्रासाठीच असत. यंत्र बदलले की, निरुपयोगी ठरत. १९६७ मध्ये विल्यम टनिक्लिफ यांनी कॅनडाच्या शासकीय मुद्रणालयातील एका सभेत आशय व मांडणी यांची फारकत करावी, असा विचार मांडला. १९६९ मध्ये आयबीएम या कंपनीतील चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनी ज्या भाषेवर काम सुरू केले, तीतून पुढे ‘एसजीएमएल’ ही सर्वसाधारण चिन्हांकन भाषा विकसित झाली व १९८६ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तिचीच सुटसुटीत आवृत्ती असलेली ‘एक्सएमएल’ ही भाषा फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रमाणित झाली. या भाषेत घटकांची व गुणविशेषांची नावे देवनागरीतही ठेवता येतात. या लेखातील उदाहरणे त्या सवलतीनुसार दिली आहेत.

मानव्यविद्यांतील ग्रंथांसाठी समान पद्धती असावी, या हेतूने नोव्हेंबर १९८७ मध्ये अमेरिकेतील पकीप्सी येथील व्हॅसार कॉलेजमध्ये विद्वानांची परिषद भरली. तीतून ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’, संक्षेपाने ‘टीईआय’, हा उपक्रम उभा राहिला. त्याच्या मार्गदर्शिकेची तिसरी आवृत्ती १९९४ मध्ये व पाचवी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पाचव्या आवृत्तीत वेळोवेळी सुधारणा होत आल्या आहेत. दृश्यरूपाच्या गुणविशेषांचा सर्वांत सूक्ष्म विचार याच मार्गदर्शिकेत आढळतो.

भारतातही हा प्रश्न वेगळ्या वाटेने हाताळला गेला. भारतीय लिपींसाठी १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारलेल्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीत अक्षरांच्या संकेतांबरोबर एक खास गुणविशेष-संकेत ठेवला होता. त्याच्यापुढे येणाऱ्या दुसऱ्या संकेताने ठळक, तिरपा, अधोरेखित, बाह्यरेखित, छायायुक्त यांसारखे रूप दाखविता येई किंवा लिपी बदलता येई. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राच्या, म्हणजे सी-डॅकच्या, ‘जिस्ट’ तंत्रामुळे ही प्रणाली महाराष्ट्रात परिचित झाली. या संकेताचा प्रभाव पुढचा तसाच संकेत येईपर्यंत किंवा ओळ संपेपर्यंतच टिके. ओळ हीच मर्यादा असल्याने अनेक ओळींच्या उताऱ्याचे एक रूप एकदाच सांगणे त्यात शक्य नव्हते. शिवाय रूप कशासाठी वापरले आहे, हेही त्यातून कळत नसे. पुढे सर्वत्र रूढ झालेल्या युनिकोड प्रणालीने ठसा व रंग यांसारखी रूपे अक्षरसंकेतांच्या बाहेर ठेवली. त्यामुळे इस्कीतील मजकूर युनिकोडमध्ये नेताना हे गुणविशेष चिन्हांकनात उतरवून घेतले नाहीत, तर ते नाहीसे होतात.

याच काळात मराठी मुद्रणात खाजगी संकेतांच्या फाँटांचा फार मोठा प्रसार झाला. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. पडद्यावर मराठी दिसे, पण साठविलेली अक्षरे मराठी नसत. फाँट बदलला वा हरवला की, संपूर्ण मजकूर अर्थहीन चिन्हांचा समूह होई. त्या काळातील पुष्कळ मराठी मजकूर रूपांतरित केल्याखेरीज आज वाचता येत नाही. केवळ दिसण्यावर विसंबल्याने आशयच कसा गमावतो, याचा हा अनुभव आहे. आशयच जपून दिसणे सोडून दिल्याने पुरावा कसा गमावतो, हे महाभारताच्या उदाहरणावरून दिसते. दोन्ही जपावयाची, तर दोन्ही वेगवेगळी लिहावी लागतात.

गुणविशेषांचे प्रकार : टीईआयच्या पद्धतीत दृश्यरूपासाठी प्रामुख्याने तीन गुणविशेष आहेत. पहिला, ‘रेंड’, हा सर्वांत जुना व सर्वांत मोकळा आहे. त्याच्या मूल्यात एक किंवा अनेक शब्द मोकळ्या जागेने विलग करून लिहितात व त्यांच्या क्रमाला अर्थ नसतो. कोणते शब्द वापरावयाचे, हे ज्या त्या प्रकल्पाने ठरवावयाचे असते. वापरण्यास तो सोपा आहे. पण शब्दांच्या व्याख्या कोठे लिहून ठेवल्या नाहीत, तर दुसऱ्यास त्यांचा अर्थ लावता येत नाही.

दुसरा, ‘रेंडिशन’, हा व्याख्येकडे बोट दाखवितो. दस्तऐवजाच्या शीर्षभागात प्रत्येक दृश्यरूपाचे एकदाच सविस्तर वर्णन करून त्याला ओळखनाम देतात आणि मजकुरात केवळ त्या ओळखनामाचा निर्देश करतात. वर्णन सुधारावयाचे झाल्यास ते एकाच जागी सुधारता येते. विशिष्ट घटकाचे नेहमीचे रूपही शीर्षभागातच सांगून ठेवता येते.

तिसरा, ‘स्टाइल’, हा औपचारिक वर्णनभाषेत रूप तेथल्या तेथे लिहिण्यासाठी आहे. बहुधा त्यासाठी ‘सीएसएस’ ही मांडणीची भाषा वापरतात. ती मूलतः जागतिक महाजालावरील पानांसाठी तयार झाली व तिची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाणित झाली. एखादे रूप एकदाच येत असेल व त्यासाठी स्वतंत्र व्याख्या करणे अवाजवी वाटत असेल, तेथे हा गुणविशेष सोयीचा असतो. शीर्षभागातील सर्वसाधारण वर्णनात त्याने भर पडते किंवा ते त्या जागेपुरते बदलते.

या तिन्हींचा रोख मूळ लेखाकडे आहे. त्या घटकाचे रूप मूळ लेखात कसे होते, एवढेच ते सांगतात. पडद्यावर किंवा नव्या आवृत्तीत ते कसे छापावे, याची ती आज्ञा नव्हे. जागतिक महाजालावरील ‘एचटीएमएल’ भाषेतील गुणविशेष याच्या उलट, म्हणजे दर्शविण्याच्या सूचना आहेत. तेथेही १९९७ मधील चौथ्या आवृत्तीपासून ठसा व रंग ठरविणारे घटक मजकुरात घालण्यापेक्षा मांडणी वेगळ्या ठिकाणी लिहावी, असा आग्रह धरला गेला.

रचनेची तत्त्वे : नव्या प्रकल्पासाठी गुणविशेष व त्यांची मूल्ये ठरविताना कोणते प्रश्न उद्भवतात, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. भंडारा जिल्ह्यातील साकोली हे झाडीबोलीच्या अभ्यासाचे एक केंद्र आहे. झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध करणारे हरिश्चंद्र बोरकर यांचे कार्य या परिसराशी निगडित आहे. दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवसांत होणारी दंडार हा झाडीपट्टीतील लोकनाट्यप्रकार होय. समजा, या परिसरात दंडारीची एक हाताने लिहिलेली वही मिळाली. तीत पात्रांची नावे तांबड्या शाईत असून त्यांखाली रेघ आहे. गीतांची ध्रुपदे समासापासून आत सरकवून लिहिली आहेत. काही शब्द पेन्सिलीने खोडले आहेत. आणि ‘डोरा’ या शब्दाखाली निळ्या शाईची रेघ आहे. झाडीबोलीत ळ, ण, श, ष व छ हे वर्ण नाहीत. प्रमाण मराठीतील ‘डोळा’ या शब्दाचे तीतील रूप ‘डोरा’ असे आहे.

(१) निरीक्षण व अन्वय वेगळे ठेवावेत. तांबड्या शाईतील ‘पाटील’ हे पात्राचे नाव आहे, याविषयी शंका नसल्याने त्यास ‘वक्ता’ हा घटक योग्य ठरेल. ‘डोरा’खालील रेघेचा हेतू मात्र निश्चित नाही. ती आघातासाठी असेल, बोलीतील शब्द दाखविण्यासाठी असेल, प्रमाण रूपाची सवय असलेल्या कोणी चूक म्हणून ओढली असेल किंवा नटाने आपली खूण म्हणून केली असेल. अशा वेळी अर्थविषयक घटक न वापरता केवळ ‘येथे रूप भिन्न आहे’ एवढेच सांगणारा तटस्थ घटक वापरतात. टीईआयमध्ये त्यासाठी स्वतंत्र घटक आहे. येथे त्यास ‘उठाव’ म्हणता येईल. उदा.,

<वक्ता दृश्य="#तांबडी #अधोरेखा">पाटील</वक्ता>
<उठाव दृश्य="#निळी #अधोरेखा">डोरा</उठाव>

चिन्हांकन करणाऱ्याने ही रेघ चूक दाखविणारी मानून शब्दाचा ‘डोळा’ केला असता, तर वहीतील बोली व ती रेघ ही दोन्ही पुराव्यातून वजा झाली असती. अर्थ पुढे कधीही लावता येतो; न नोंदविलेले रूप पुन्हा मिळविता येत नाही.

(२) एका मूल्याने एकच गोष्ट सांगावी. ‘तांबडी-ठळक-समासात’ असे संयुक्त मूल्य सुरुवातीस सोयीचे वाटते. तथापि शाईचे चार प्रकार, जाडीचे तीन व स्थानाचे तीन असतील, तर संयुक्त मूल्ये छत्तीस होतात. हीच माहिती सुट्या दहा मूल्यांत बसते. शिवाय संयुक्त मूल्यांत केवळ शाईविषयी प्रश्न विचारणे कठीण जाते. यास्तव शाई, जाडी, कल, आकार, स्थान, रेषा व आच्छादन हे परस्परांवर अवलंबून नसलेले वर्ग मानून प्रत्येकाची मूल्ये स्वतंत्र ठेवावीत.

(३) मूल्यांची सूची मर्यादित व व्याख्याबद्ध असावी. एक लेखनिक ‘लाल’, दुसरा ‘तांबडी’ व तिसरा ‘रक्तवर्ण’ असे लिहू लागला, तर यंत्राच्या दृष्टीने ती तीन भिन्न रूपे होतात. मूल्यांतील शब्द मोकळ्या जागेने विलग होत असल्याने एका मूल्यात मोकळी जागा असू नये. आवश्यक तेथे जोडरेघ द्यावी. प्रत्येक मूल्याची व्याख्या शीर्षभागात साध्या भाषेतही असावी. उदा., ‘अधोरेखा : अक्षरांच्या खाली हाताने ओढलेली एकेरी सरळ रेषा, उकाराच्या मात्रेला छेदणारी असली तरी हेच मूल्य.’ यंत्रासाठीचे सूत्र कालांतराने जुने होईल, साधे वाक्य मात्र वाचता येईल.

(४) पायाभूत रूप एकदाच सांगावे. वही काळ्या शाईत आहे, हे शीर्षभागात नोंदवून मजकुरात केवळ वेगळेपणा दाखवावा. मात्र ‘काही नोंदले नाही’ याचा अर्थ ‘नेहमीचे रूप आहे’ असा घ्यावयाचा की ‘पाहिले नाही’ असा, हे स्पष्ट लिहिणे आवश्यक असते. हा खुलासा नसल्यास मौनाचा अर्थ वाचणारा आपल्या मनाप्रमाणे लावतो.

(५) सापेक्ष व मोजलेली मापे मिसळू नयेत. हस्तलिखितात अक्षर भोवतालच्या अक्षरांपेक्षा ‘मोठे’ आहे, एवढेच बहुधा सांगता येते. मुद्रित पुस्तकात ठशाचे माप सांगता येते. हस्तलिखिताला बिंदूंचे माप लावणे म्हणजे नसलेल्या अचूकतेचा आभास निर्माण करणे होय.

(६) कर्ता व खात्री यांची नोंद स्वतंत्र असावी. मूळ लेखक, नंतरचा हात, मुद्रक व आजचा संपादक यांच्या खुणा एकाच गुणविशेषात कोंबू नयेत. पेन्सिलीची खोड नंतरच्या हाताची आहे, हे ‘हात’ या वेगळ्या गुणविशेषाने आणि तसे वाटण्याची खात्री किती, हे आणखी एका गुणविशेषाने दाखवावे.

संपादकीय खुणांचा भेद : दृश्यरूप म्हणजे मूळ वस्तूवर दिसणारे रूप, हे विसरल्याने होणारा घोटाळा कोरीव लेखांत विशेष आढळतो. भंडारा जिल्ह्यातच वैनगंगेकाठी पवनी येथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष व त्यांवरील ब्राह्मी लिपीतील लेख उजेडात आले. अशा लेखांच्या मुद्रित वाचनात अस्पष्ट अक्षराखाली टिंब, तर तुटून गेलेल्या व संपादकाने भरून काढलेल्या अक्षरांभोवती चौकोनी कंस देतात. १९३१ मध्ये लायडन येथे ग्रीक व लॅटिन लेखांसाठी ठरलेल्या संकेतांतून ही पद्धत पसरली. हे कंस शिळेवर नाहीत. ते संपादकाचे मत व्यक्त करतात. म्हणून ते दृश्यरूपाच्या गुणविशेषात न घालता ‘अस्पष्ट’, ‘पूरित’, ‘लुप्त’ अशा स्वतंत्र घटकांनी दाखवितात. टीईआयवर आधारलेल्या ‘एपिडॉक’ या कोरीव लेखांच्या पद्धतीत असेच केले जाते. याउलट भांडारकर मंदिराच्या मुद्रित महाभारताचेच चिन्हांकन करावयाचे असेल, तर नागमोडी रेषा त्या मुद्रित पानावर खरोखरच असल्याने तिचे रूप व तिचा अर्थ ही दोन्ही नोंदविणे युक्त ठरते.

देवनागरी व मोडीचे विशेष प्रश्न : गुणविशेषांच्या प्रचलित मूल्यसूची रोमन लिपीतील मुद्रणावर बेतलेल्या आहेत. रोमनमधील तिरपा ठसा हा स्वतंत्र परंपरेचा ठसा आहे. देवनागरीतील तिरपी अक्षरे हे त्याचे अनुकरण होय. रोमनमधील छोटी मोठ्या घाटाची अक्षरे देवनागरीत संभवतच नाहीत, कारण या लिपीत मोठी व लहान असे वर्णांचे दोन संच नाहीत. उलट हिंगूळ, हरताळ, काकपद, दुहेरी दंडाचे अलंकरण, शिरोरेषा तोडून किंवा सलग ओढून लिहिणे यांना त्या सूचींत नावे नाहीत. म्हणून मराठी प्रकल्पांनी आपली मूल्ये आपल्या साहित्यावरून ठरविणे इष्ट असते. परकीय सूची तशीच घेतल्यास ज्याला नाव नाही, ते लेखनिकाच्या नजरेतूनही सुटते.

अक्षर व दृश्यरूप यांच्या सीमेवरची काही उदाहरणे विशेष काळजीची असतात. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतील रकाराचा फरक अर्थभेदक असून तो अक्षरांतच लिहावा लागतो. मराठी व हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मात्र युनिकोडमध्ये एकाच संकेताचे असल्याने त्यांच्या वळणातील फरक हवा असल्यास गुणविशेषानेच दाखवावा लागतो. जोडाक्षर एकाखाली एक आहे की पाय मोडून लिहिले आहे, हे काही अंशी अदृश्य नियंत्रक संकेतांनीही दाखविता येते. परंतु निम्मे अक्षरांत व निम्मे गुणविशेषांत, अशी विभागणी झाली की, शोध अपुरा ठरतो. कोणती गोष्ट कोठे लिहावयाची, हे आरंभीच ठरवून पाळावे लागते.

मोडी लेखनात शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते व ओळभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये मोडीचा समावेश झाल्याने मोडी मजकूर मोडीतच साठविता येऊ लागला. तथापि बहुसंख्य वाचकांसाठी देवनागरी लिप्यंतर लागतेच. लिप्यंतरात संपादकाने शब्द तोडलेले असतात. ही तोड मूळची नाही, याची सूचना शीर्षभागात एकदा दिली नाही, तर चुकीच्या जागी तोडलेला शब्द अस्सल दप्तराचा आधार घेऊन इतिहासात शिरू शकतो. पत्राचा मायना, मजकुराआधी सोडलेली कोरी जागा व शिक्क्यांचे स्थान यांवरून लेखक व प्रापक यांचे नाते उमगते. यास्तव स्थानाची नोंद येथे मजकुराइतकीच महत्त्वाची असते.

मर्यादा : एक्सएमएलमधील घटक एकात एक बसणारे असावे लागतात. एका कडव्याच्या मध्यावर सुरू होऊन दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर संपणारी खोड या रचनेत सरळ बसत नाही. तेव्हा तिचा आरंभ व शेवट दाखविणारे दोन रिकामे घटक घालून ते परस्परांशी जोडतात किंवा तिचे तुकडे करून ते एकाच खोडीचे असल्याचे नोंदवितात. दुसरी मर्यादा श्रमांची आहे. पानावर दिसणारे सर्व काही नोंदविणे शक्य नसते व आवश्यकही नसते. शाईचा प्रत्येक डाग टिपू लागल्यास काम पुरे होत नाही. कोणत्या वाचकाला कोणता प्रश्न विचारता यावा, हे ठरवून मर्यादा आखतात व ती शीर्षभागात जाहीर करतात. प्रारंभी दहावीस पानांवर मूल्यसूची वापरून पाहणे, दोन व्यक्तींकडून तीच पाने स्वतंत्रपणे चिन्हांकित करवून घेऊन फरक पडताळणे व त्यानुसार व्याख्या सुधारणे, असा क्रम उपयुक्त ठरतो. दोघांचे जेथे एकमत होत नाही, तेथे बहुधा दोष लेखनिकांचा नसून मूल्याच्या व्याख्येचा असतो.

खेड्यापाड्यांतील घरगुती वह्या, देवळांतील पोथ्या व संस्थांतील दप्तरे यांचे कागद दिवसेंदिवस क्षीण होत आहेत. त्यांतील पुष्कळशांचे सावकाश निरीक्षण करून वाचन एकदाच होण्याचा संभव असतो. त्या एका वाचनात अक्षरांबरोबर त्यांचे दिसणेही स्पष्ट, मोजक्या व व्याख्याबद्ध शब्दांत उतरून घेतले गेल्यास पुढील काळातील अभ्यासकाला पहिल्या वाचकाच्या निष्कर्षांशी बांधून न घेता मूळ पुराव्याचा पुन्हा विचार करता येतो.